जुनाच पासवर्ड

धायरी फाट्यापाशी जेसीबीनं पाण्याची लाइन शोधता शोधता
आमची केबल तोडली. दुपारी तीन वाजून दहा मिनिटं.
चौथ्या मिनिटाला पहिला फोन, "नेट कधी येणार?"
सातव्याला तोच माणूस, आवाज चढलेला.
दहाव्याला त्याची बायको.

मी खड्ड्यात. बूट चिखलात, मांडीवर जोडणीचं मशीन,
तान्ह्या पोरासारखं, त्याला धूळ सोसत नाही.
निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, करडा, पांढरा,
लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी.
पाढे विसरलो, हे नाही.
केसाएवढी काच. सोलायची, पुसायची, टोकाला टोक भिडवायचं.
आत उजेड धावतो म्हणतात, डोळ्यांना दिसत नाही,
आणि बघायचाही नसतो.
डोळा जातो.

वर काय काय बंद पडलंय ते फोनवरून कळतं.
सी विंगमधल्या आगरखेडांचं दार उघडेना,
ते बाहेर उभे राहून आतल्या कुकरच्या शिट्ट्या मोजतायत.
एकाचा गीझर मोबाइलशिवाय कुणाचं ऐकत नाही.
पेठकर बाईंचे दिवे निळ्यावर अडकलेत,
"अहो, माझी आमटी निळी दिसतेय."
प्रत्येकाला वाटतं, वायर फक्त त्याचीच तुटली.

साडेतीनशे घरं. प्रत्येक राऊटर मीच भिंतीला ठोकलाय.
पासवर्ड मीच टाकला, जिन्यात उभ्या उभ्या,
फ्लॅटचा नंबर आणि पुढे एक-दोन-तीन-चार.
दर वेळी सांगितलं, "साहेब, उद्या बदलून घ्या."
तो उद्या सहा वर्षं नऱ्ह्याच्या सिग्नलला उभा आहे.
मग कॅमेरे आले, कुलपं आली, बोलणारे डबे आले,
सगळ्यांना तोच पासवर्ड. लक्षात ठेवायला सोपा.
ज्या घराला सेफ्टी डोअर, खाली रजिस्टरात सही,
जिथे मला पायपुसण्याच्या पुढे येऊ देत नाहीत,
त्या घराची आतली कडी माझ्या डोक्यात आहे.
मी मागितली नव्हती.

एकदा काढली.
एफ चारशे तीन, रिसबूड. कॅमेरा अडकतो अशी तक्रार,
म्हणून तपासायला, खरंच तपासायला.
चित्र आलं. खाट, दोरीवर टॉवेल,
भिंतीकडे तोंड करून बसलेल्या काकू.
पडल्या तर कळावं म्हणून लेकानं कॅनबेराहून बसवून घेतलेला.
काकू भिंतीला सांगत होत्या, "मी मजेत आहे."
थांबल्या. "नाही रे, मी मजेत आहे."
पुन्हा थांबल्या, घसा साफ केला, तेच हसून.
लेकाच्या फोनला अजून पाच मिनिटं होती.

चित्र अडकत नव्हतं. तक्रार मिटली होती.
मी आणखी दीड मिनिट बघत राहिलो.

आज सहा वीसला आकाशी जुळला, शेवटचा.
आगरखेड आत गेले, डाळ करपली होती.
नेट आल्यावर कुणी फोन करत नाही.
हात धुतले आणि चौथ्या मजल्यावर गेलो.

"काकू, पासवर्ड बदलायचाय."
"का? जुन्याला काय झालं?"
"जुना मला माहितीय."
चष्म्याच्या वरून त्यांनी माझ्याकडे बघितलं.
जरा जास्तच वेळ.

फोन त्यांच्या हातात दिला. "तुम्हीच टाका, आठ अक्षरं तरी.
मी बघत नाही." आणि भिंतीकडे वळलो.
तिथे एक पोपडा होता, श्रीलंकेच्या आकाराचा.
मागे टिक, टिक. आठ झाली. अकरा झाली.
बाईंना बरंच काही लिहायचं होतं.

"विसरले तर कुणाला विचारू?"
मला सुचलं नाही. कागदावर लिहा म्हणालो,
मग म्हणालो, कागद कुणाला दाखवू नका.

दारातून विचारलं, "बाकी बऱ्या आहात ना?"
"मी मजेत आहे," काकू म्हणाल्या.

तिसरं होतं ते. हसून म्हणायचं.